हुकूम मागे घेतल्यानंतरचे मृत्यू : जर्मन नैऋत्य आफ्रिका, १९०४ ते १९०८

हेच प्रकरण का

वसाहती हिंसा आणि वंशसंहार यांचा संबंध तपासताना बहुधा दोनच प्रश्न विचारले जातात. माणसे किती मेली, आणि त्यांना मारण्याचा हेतू कोणी लेखी नोंदवला होता का? आजच्या नामिबियात, म्हणजे तेव्हाच्या जर्मन नैऋत्य आफ्रिकेत, हेरेरो आणि नामा या दोन समाजांवर जे ओढवले त्याच्या कागदपत्रांत या दोन्ही प्रश्नांची उत्तरे सापडतात. सेनापतीचा हुकूम शब्दशः उपलब्ध आहे आणि छावण्यांतील मृत्यूंची लष्कराने स्वतः केलेली मोजदादही आहे. पण या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा भाग या दोन कागदांच्या मधल्या काळात घडला. संहाराचा हुकूम सुमारे दहा आठवडे अमलात राहिला, मग बर्लिनने तो रद्द केला. त्यानंतरही तीन वर्षे माणसे मरत राहिली, आणि ती ज्या व्यवस्थेखाली मेली ती त्या वेळी सौम्य उपाय म्हणून स्वीकारली गेली होती. वसाहती हिंसेच्या तुलनेत नेमका हाच टप्पा नजरेआड होतो, म्हणून या लेखात निर्णयांच्या क्रमावर भर दिला आहे.

पार्श्वभूमी

जर्मनीने १८८४ मध्ये हा प्रदेश आपल्या संरक्षणाखाली घेतल्याचे जाहीर केले. मध्यवर्ती पठारावर हेरेरो राहत. त्यांची उपजीविका, प्रतिष्ठा आणि पूर्वजांचे विधी हे सारे गुरांभोवती गुंफलेले होते. दक्षिणेकडे नामा समाजाच्या टोळ्या होत्या आणि त्यांतील हेंड्रिक विटबोई हा सर्वांत प्रभावी नेता होता. १८९४ पासून वसाहतीचा प्रमुख आणि पुढे गव्हर्नर असलेल्या थिओडोर लॉइटवाइन याच्याकडे सैन्य थोडे होते, त्यामुळे त्याने एका प्रमुखाशी करार करायचा, दुसऱ्याला त्याच्याविरुद्ध वापरायचे आणि जमिनीचा ताबा हळूहळू गोऱ्या वसाहतकऱ्यांकडे सरकू द्यायचा, असे धोरण ठेवले. हेरेरोंचा प्रमुख सॅम्युएल माहारेरो याचे स्थान बळकट होण्यात याच धोरणाचा हात होता.

१८९७ मध्ये बुळकांडीची साथ आली आणि हेरेरोंची बहुतांश गुरे मेली. ज्या समाजाचे सगळे भांडवल गोठ्यात होते तो एका हंगामात कफल्लक झाला. मग उधारी वाढली. गोरे व्यापारी चढ्या भावाने माल देत आणि वसुलीला गुरे किंवा जमीन उचलून नेत. १९०३ मध्ये सरकारने उधारीला आळा घालण्यासाठी नियम केला की, जुने कर्ज एका वर्षात वसूल न झाल्यास त्यावरचा हक्क संपेल. हेतू कदाचित चांगला असेल. परिणाम असा झाला की, मुदत संपण्याआधी वसुली करण्यासाठी व्यापारी जप्तीवर तुटून पडले. त्याच काळात हेरेरोंच्या प्रदेशातून रेल्वेमार्ग टाकण्याची आणि त्यांना राखीव क्षेत्रांत बसवण्याची बोलणी सुरू होती. गोऱ्यांनी केलेल्या मारहाणीला, बलात्काराला आणि खुनालाही न्यायालये नाममात्र शिक्षा देत होती.

समस्या

१२ जानेवारी १९०४ रोजी ओकाहांज्यात उठाव सुरू झाला. लॉइटवाइन आणि त्याचे बरेचसे सैन्य तेव्हा दक्षिणेत दुसरे बंड शमवण्यात गुंतले होते. पहिल्या काही दिवसांत शंभराहून अधिक जर्मन मारले गेले, शेतघरे जळाली आणि रेल्वेमार्ग उखडला गेला. स्त्रिया, मुले, मिशनरी, इंग्रज आणि बोअर (दक्षिण आफ्रिकेतील डच वंशाचे वसाहतकरी) यांना हात लावू नये, अशी माहारेरोची आज्ञा होती आणि ती बव्हंशी पाळली गेली. जर्मन वृत्तपत्रांत मात्र स्त्रिया आणि मुलांच्या कत्तलींची वर्णने छापली जाऊ लागली आणि सूड घेण्याची मागणी जोर धरू लागली.

बर्लिनने प्रश्न मांडला तो केवळ बंड मोडण्याचा. उठाव कशामुळे झाला याची चर्चा राइशस्टागमध्ये, म्हणजे जर्मन संसदेत, सोशल डेमोक्रॅट नेता आउगुस्ट बेबेल याने केली, पण निर्णय ज्यांच्या हातात होता त्यांच्या टेबलावर ती पोचली नाही. प्रश्न इतका अरुंद मांडला गेला की, उत्तरेही त्याच चौकटीत शोधली गेली. माझ्या मते या प्रकरणातला हा पहिला निर्णय. तो कोणी औपचारिकपणे घेतला नव्हता.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय लॉइटवाइनचा होता. हेरेरोंचा लष्करी पराभव करायचा आणि मग वाटाघाटींनी शरणागती घ्यायची. २३ फेब्रुवारी १९०४ रोजी बर्लिनला लिहिलेल्या पत्रात त्याने, हेरेरोंचा पुरता नाश करू पाहणाऱ्यांशी आपण सहमत नसल्याचे कळवले. त्याची कारणे लक्षपूर्वक वाचायला हवीत. साठ-सत्तर हजारांचा समाज सहजासहजी नष्ट करता येत नाही, असे तो लिहितो. गुरे राखायला आणि विशेषतः मजुरीला त्यांची गरज आहे, आणि राजकीयदृष्ट्या ते मेले तर पुरे आहे. त्या वेळी टेबलावर असलेला सर्वांत मवाळ पर्याय हा होता. त्यात हेरेरोंना जगू द्यायचे होते, पण मजूर म्हणून. पुढे छावण्यांत जे घडले त्याचे बीज या पत्रात दिसते आणि म्हणून लॉइटवाइनला या कथेतला सज्जन ठरवण्याचा मोह आवरलेला बरा.

दुसरा पर्याय वसाहतकऱ्यांच्या एका गटाचा होता. जमीन आणि गुरे जप्त करावीत, टोळ्या मोडाव्यात आणि जे उरतील त्यांना नोकर करावे, असे त्यांचे म्हणणे होते. तिसरा पर्याय लष्करी नेतृत्वाच्या विचारपद्धतीतून आला. शत्रूला एकाच निर्णायक लढाईत वेढून संपवणे हे जर्मन जनरल स्टाफच्या, म्हणजे युद्धाची आखणी करणाऱ्या लष्करी मुख्यालयाच्या, युद्धशास्त्राचे सूत्र होते आणि ते आता एका पशुपालक समाजावर, त्याच्या बायकामुलांसह आणि गुरांसह, लागू होणार होते.

मे १९०४ मध्ये कैसर, म्हणजे जर्मन सम्राट, दुसरा विल्हेल्म याने लेफ्टनंट जनरल लोथार फॉन ट्रोथा याची सेनापती म्हणून नेमणूक केली. पूर्व आफ्रिकेतील आणि चीनमधील मोहिमांत त्याने नाव कमावले होते ते निर्दयपणासाठी. त्याच्याबरोबरच युद्धाची सूत्रे मुलकी खात्याकडून निघून जनरल स्टाफमार्फत थेट कैसरकडे गेली. यानंतर गव्हर्नरला आक्षेप घेता येत होता, पण थांबवता येत नव्हते. व्यक्तीची निवड आणि सत्तेची ही रचना यांपैकी अधिक घातक काय ठरले, यावर मतभेद असू शकतात. मला रचना अधिक घातक वाटते, कारण ट्रोथा गेल्यावरही ती टिकली.

प्रत्यक्ष कृती

११ ऑगस्ट १९०४ रोजी वॉटरबर्गच्या पायथ्याशी लढाई झाली. हेरेरो समाजाचा मोठा हिस्सा गुराढोरांसह तिथे जमला होता आणि अनेक इतिहासकारांच्या मते ते वाटाघाटींच्या निरोपाची वाट पाहत होते. जर्मन सैन्याने तोफा आणि मशीनगन घेऊन वेढा घातला. वेढ्याची आग्नेय बाजू कमकुवत होती आणि हेरेरो तिथूनच निसटले. त्या दिशेला ओमाहेके हे निर्जल वाळवंट होते. ही बाजू मुद्दाम कमकुवत ठेवली होती की लढाईचा बेत फसला, हा वाद आजही मिटलेला नाही. पण त्यानंतरच्या कृतीबद्दल वाद नाही. सैन्याने पाठलाग करून लोकांना आणखी आत ढकलले, पाणवठे ताब्यात घेतले आणि वाळवंटाच्या कडेला चौक्या बसवल्या. सॅम्युएल माहारेरो हजारभर लोकांसह ब्रिटिशांच्या बेचुआनालँडमध्ये (आजचे बोत्सवाना) पोचला. बाकीचे हजारो तहानेने मेले.

२ ऑक्टोबर १९०४ रोजी ट्रोथाने हुकूम काढला. जर्मन हद्दीत प्रत्येक हेरेरोला, त्याच्याकडे बंदूक असो वा नसो, गुरे असोत वा नसोत, गोळी घातली जाईल. स्त्रिया आणि मुलांना आश्रय दिला जाणार नाही, त्यांना त्यांच्या लोकांकडे हाकलले जाईल किंवा त्यांच्यावर गोळ्या झाडल्या जातील. आपल्या सैन्यासाठी जोडलेल्या सूचनेत त्याने स्त्रिया आणि मुलांच्या डोक्यावरून गोळ्या झाडून त्यांना पळवावे, असे सांगितले. या सूचनेचा आधार घेऊन हुकूम सौम्य होता असे म्हणणारे अजूनही भेटतात. पण ती माणसे पळून जाणार होती ते पाणी नसलेल्या वाळवंटात, आणि हे सूचना लिहिणाऱ्याला पुरते ठाऊक होते. दोन दिवसांनी जनरल स्टाफला पाठवलेल्या पत्रात, या राष्ट्राचाच नाश झाला पाहिजे, असे त्याने आपले मत स्पष्ट लिहिले.

बर्लिनमधील प्रतिक्रिया हा या प्रकरणातला दुसरा महत्त्वाचा निर्णयबिंदू आहे. जनरल स्टाफचा प्रमुख आल्फ्रेड फॉन श्लीफेन याने नोव्हेंबरात लिहिले की, ट्रोथाच्या हेतूशी सहमत होता येईल, पण तो तडीस नेण्याची ताकद त्याच्याकडे नाही. वंशांचे युद्ध एकदा पेटले की संहार किंवा संपूर्ण गुलामगिरी यांनीच ते संपते. चॅन्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, बेर्नहार्ड फॉन ब्यूलोव याने कैसरपुढे हुकूम रद्द करण्यासाठी युक्तिवाद केला. हुकूम ख्रिस्ती आणि मानवी तत्त्वांना सोडून आहे, अमलात आणण्याजोगा नाही, वसाहतीचे आर्थिक भवितव्य धोक्यात आणणारा आहे आणि जर्मनीच्या प्रतिष्ठेला बाधक आहे, असे त्याचे मुद्दे होते. डिसेंबरात कैसरने संमती दिली आणि हुकूम मागे घेतला गेला. पाठोपाठ ब्यूलोवने शरण येणाऱ्यांना छावण्यांत ठेवण्याची सूचना धाडली.

दरम्यान ऑक्टोबर १९०४ मध्ये नामाही उठले. हेंड्रिक विटबोई पुढच्या वर्षी ऑक्टोबरात लढताना मारला गेला. नोव्हेंबर १९०५ मध्ये ट्रोथा परतला आणि मुलकी गव्हर्नर म्हणून फ्रीडरिक फॉन लिंडेक्विस्ट आला. त्याने मिशनऱ्यांच्या मदतीने झाडीत लपलेल्या हेरेरोंना बोलावून घेतले. मिशनवर विश्वास ठेवून आलेली उपाशी कुटुंबे संकलन केंद्रांतून स्वाकोपमुंड, विंडहुक, कारिबिब आणि ल्युडेरिट्झच्या छावण्यांत पाठवली गेली. तिथून त्यांना रेल्वेच्या, बंदराच्या आणि खासगी कंपन्यांच्या कामावर जुंपले गेले.

ल्युडेरिट्झ बंदराजवळच्या शार्क बेटावर अटलांटिकचा थंड वारा अखंड घोंघावतो. उष्ण पठारावरून आलेल्या लोकांना तिथे पुरेसे कपडे, अन्न किंवा निवारा दिला गेला नाही. मिशनऱ्यांनी कैद्यांना, निदान स्त्रियांना आणि मुलांना, आतल्या भागात हलवण्याची विनंती केली तेव्हा विंडहुकच्या प्रशासनाने ती फेटाळली. एका वरिष्ठ अधिकाऱ्याने तर इंग्रजांनीही बोअर युद्धात छावण्यांत हजारो स्त्रिया-मुले मरू दिली होती, असा दाखला दिला. सप्टेंबर १९०६ पासून बेटावर आणलेल्या १,७९५ जणांपैकी १,०३२ जण एप्रिल १९०७ पर्यंत मेले. त्या महिन्यात लष्करी प्रमुखपदी आलेल्या लुडविग फॉन एस्टॉर्फने हा आकडा बर्लिनला कळवला, अशा कामाची जबाबदारी घ्यायला नकार दिला आणि कैद्यांना बेटावरून हलवले.

परिणाम

लष्कराच्या स्वतःच्या हिशेबाप्रमाणे ऑक्टोबर १९०४ ते मार्च १९०७ या काळात सुमारे १५,००० हेरेरो आणि २,००० नामा कैद्यांपैकी ७,६८२ जण मेले. युद्धापूर्वीच्या लोकसंख्येचे अंदाज वेगवेगळे असले, तरी सर्वमान्य होत चाललेला निष्कर्ष असा आहे की, हेरेरोंतील बहुसंख्य, कदाचित पाचांपैकी चार, आणि नामांतील निम्मे लोक नष्ट झाले. १९११ च्या गणतीत केवळ १५,००० च्या आसपास हेरेरो उरले होते.

जे जगले त्यांच्यासाठी १९०७ चे नियम आले. आफ्रिकन माणसाला गव्हर्नरच्या परवानगीवाचून जमीन किंवा गुरे बाळगण्यास बंदी झाली आणि सात वर्षांवरील प्रत्येकाला पास बाळगणे सक्तीचे झाले. हेरेरोंच्या आणि नामांच्या जमिनी त्याआधीच जप्त झाल्या होत्या. राजकीयदृष्ट्या मृत समाज, ही लॉइटवाइनची कल्पना अशा प्रकारे प्रत्यक्षात आली, आणि तीही ट्रोथाचा हुकूम रद्द झाल्यानंतर.

मृतांच्या कवट्या बर्लिनला संशोधनासाठी पाठवल्या गेल्या. त्यांतील काही २०११, २०१४ आणि २०१८ मध्ये परत आल्या.

तुलनेचा प्रश्न

या प्रकरणाची तुलना तीन दिशांनी केली जाते. इतर युरोपीय सत्तांच्या बंदिवासाच्या छावण्यांशी तुलना करणारे १८९६ मध्ये स्पेनने क्युबात खेड्यांतील लोकांना तटबंदीत कोंबल्याचा दाखला देतात. दक्षिण आफ्रिकेत ब्रिटिशांनी १९०० ते १९०२ मध्ये बोअर कुटुंबांना छावण्यांत ठेवले. तिथे सुमारे २८,००० बोअर मेले, त्यांत बहुसंख्य मुले होती, आणि वेगळ्या छावण्यांत हजारो कृष्णवर्णीयही मेले. या छावण्यांची अखेरच्या टप्प्यातील व्यवस्था सुधारण्यासाठी भारतातील दुष्काळ आणि प्लेग छावण्यांचा अनुभव असलेले अधिकारी बोलावले गेले होते. १८९७ च्या पुण्यात माणसांना घरातून काढून विलगीकरणाच्या छावणीत नेण्याची जी शासनपद्धती लोकांनी भोगली, ती साम्राज्यभर फिरत होती, हे मराठी वाचकाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. अर्थात प्लेगची छावणी आणि शार्क बेट यांत मूलभूत फरक आहे, आणि तो पुसणे हा शार्क बेटावरच्या मृतांवर अन्याय होईल. बोअर छावण्यांतील मृत्युदर, तिथली स्थिती उघड करणाऱ्या एमिली हॉबहाउस या ब्रिटिश कार्यकर्तीच्या अहवालानंतर आणि ब्रिटनमधील गदारोळानंतर खाली आला. कृष्णवर्णीयांच्या छावण्यांबद्दल असा गदारोळ झाला नाही. दोन्हीकडे छावणी होतीच. आतल्या माणसांसाठी बाहेर कोण बोलू शकत होते यावर त्यांचे जगणे ठरले.

मृतांच्या संख्येवर तुलना बेतली की वेगळीच अडचण येते. त्याच जर्मनीने १९०५ ते १९०७ मध्ये पूर्व आफ्रिकेतील माजी-माजी उठाव पिके आणि धान्याची कोठारे जाळून मोडला आणि त्यानंतरच्या दुष्काळात हेरेरो-नामांपेक्षा कितीतरी अधिक माणसे मेली. बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याच्या काँगोत रबराच्या सक्तीपायी झालेले मृत्यू याहूनही अधिक होते. तरी तिथे समाज नष्ट करण्याचा हेतू दाखवणे कठीण जाते, कारण शोषकाला मजूर जिवंत हवा होता. १९४८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात वंशसंहाराची कसोटी हेतू ही आहे, संख्या नव्हे. पण त्याच करारात एखाद्या गटाला नाश ओढवेल अशा जीवनस्थितीत जाणूनबुजून ढकलण्याचाही समावेश आहे, आणि शार्क बेटाचे आकडे वरिष्ठांना माहीत असताना बेट चालू ठेवणे या कलमाच्या कक्षेत येते, असे माझे मत आहे. ट्रोथाचा हुकूम सापडला नसता, तरी हे प्रकरण वंशसंहाराचे ठरले असते.

तिसरी तुलना ज्यूंच्या संहाराशी आहे. राजकीय विचारवंत हाना आरेन्ट आणि मार्टिनिकचा कवी-विचारवंत एमे सेझेर यांनी १९५० च्या सुमारास वसाहती हिंसा युरोपात परतल्याचा विचार मांडला. अलीकडच्या काही इतिहासकारांनी विंडहुकपासून आउश्वित्झ या नाझी मृत्युछावणीपर्यंतचे धागे दाखवले आहेत. वंशाचा सिद्धांत आणि मिश्र विवाहांवरची बंदी हे त्यांतले दोन. ऑयगेन फिशर तिसरा, कारण १९०८ मध्ये याच वसाहतीतील रेहोबोथ येथील मिश्र वंशाच्या लोकांचा अभ्यास केलेला हाच मनुष्य पुढे बर्लिनमधील मानववंशशास्त्र संस्थेचा प्रमुख झाला आणि नाझी राजवटीतही त्या पदावर राहिला. या मताचे टीकाकार विचारतात की, वसाहती तर ब्रिटन, फ्रान्स आणि बेल्जियमच्याही होत्या, मग नाझीवाद तिथे का जन्मला नाही? आक्षेप वजनदार आहे. काही टीकाकार या हिंसेचे मूळ जर्मन लष्कराच्या निर्णायक विजयाच्या हव्यासात शोधतात, वंशवादाला ते दुय्यम मानतात. माझ्या मते, धागे खरे आहेत, पण सरळ रेषा नाही. आणि एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते: हेरेरो आणि नामांच्या संहाराला महत्त्व येण्यासाठी तो आउश्वित्झची तालीम असण्याची गरज नाही. नुसती पूर्वपीठिका म्हणून त्याकडे पाहिले, तर ओमाहेकेत मेलेली माणसे पुन्हा दुसऱ्याच कुणाच्या इतिहासातील तळटीप होतात.

तुलनेचा राजकीय वापरही झाला. १९१८ मध्ये ब्रिटनने जर्मन अत्याचारांचा अहवाल, शपथेवरील साक्षींसह, प्रसिद्ध केला. जर्मनी वसाहती सांभाळायला अपात्र आहे हे त्यातून दाखवायचे होते. जर्मनीने ब्रिटिशांच्या अत्याचारांची यादी देऊन उत्तर दिले. १९२६ मध्ये, तेव्हा दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यात असलेल्या या प्रदेशाच्या गोऱ्या विधिमंडळाने तो अहवाल नष्ट करण्याचा ठराव केला. जर्मन आणि ब्रिटिश वंशाच्या वसाहतकऱ्यांत सलोखा हवा होता आणि त्यासाठी साक्षीदारांचे शब्द अडचणीचे होते.

वेगळे काय करता आले असते

१९०३ चा नियम करताना, मुदत येईपर्यंत व्यापारी काय करतील याचा विचार करणे शक्य होते. जप्ती आधी थांबवून मग मुदत घालता आली असती. मे १९०४ मध्ये सेनापतीला गव्हर्नरच्या अधिकाराखाली ठेवता आले असते. वॉटरबर्गनंतर पाठलाग न करता वाटाघाटी करण्याचे मत स्वतः जर्मन अधिकाऱ्यांतही होते, एस्टॉर्फचेही.

सर्वांत अधिक खेद वाटतो तो डिसेंबर १९०४ चा. हुकूम रद्द करण्यात सारी नैतिक ऊर्जा खर्च झाली आणि शरण आलेल्यांना कुठे ठेवायचे, काय खायला घालायचे, मृत्यूंची नोंद कोण पाहणार, हे प्रश्न त्याच यंत्रणेवर सोडले गेले. छावणीत माणसे मरत असल्याचे कळल्यावर ती बंद करण्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची गरज नव्हती, हे एस्टॉर्फने दाखवून दिले. पण त्याआधी मरण पावलेल्या हजाराहून अधिक जणांना त्याचा उपयोग झाला नाही. राइशस्टागकडेही एक साधन होते. १३ डिसेंबर १९०६ रोजी युद्धासाठी मागितलेला वाढीव निधी बहुमताने नाकारला गेला. सरकारने सभागृह बरखास्त केले, जानेवारी १९०७ ची निवडणूक राष्ट्राभिमानाच्या मुद्द्यावर लढवली आणि जिंकली.

नंतरच्या काळातील निर्णयही तपासायला हवेत. १९८५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या एका अहवालाने या घटनेची गणना वंशसंहारात केली. २००४ मध्ये जर्मन मंत्री हाइडेमारी विचोरेक-त्सोइल यांनी वॉटरबर्गजवळच्या ओहामाकारीत क्षमा मागितली. मे २०२१ मध्ये जर्मन सरकारने आजच्या दृष्टीने हा वंशसंहार होता असे मान्य केले आणि तीस वर्षांत १.१ अब्ज युरो देण्याचे जाहीर केले; मात्र ही भरपाई नव्हे, विकासाची मदत आहे, असे दोन्ही सरकारांच्या संयुक्त घोषणेच्या मसुद्याचे स्वरूप राहिले. बोलणी दोन सरकारांत झाली. हेरेरो आणि नामांच्या पारंपरिक नेतृत्वापैकी मोठ्या गटाने, आपल्या समाजाने निवडलेले प्रतिनिधी टेबलावर नव्हते, असा आक्षेप घेतला. आजही नामिबियातील व्यावसायिक शेतजमिनीचा मोठा भाग गोऱ्या मालकांकडे आहे, आणि जप्त झालेल्या जमिनीचा प्रश्न त्या मसुद्यात विकासकामांच्या यादीतील एक बाब म्हणून आला. जानेवारी २०२३ मध्ये या समाजांच्या प्रतिनिधींनी तो मसुदा बेकायदा ठरवावा, अशी याचिका विंडहुकच्या उच्च न्यायालयात दाखल केली.